खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका: शिडाच्या छोट्या बोटीचा बिल्ज पंप

बोटीच्या तळाशी, पायाखालच्या फळीच्याही खाली जी खोलगट जागा असते ती बिल्ज. पावसाचं, लाटेचं, गळतीचं, आत आलेलं सगळं पाणी शेवटी तिथेच उतरतं आणि ते बाहेर फेकायचं काम बिल्ज पंपाचं. पाच-सहा मीटरच्या बोटीत हा पंप तळहातावर मावेल एवढा असतो. बोट घेताना शीड, डोलकाठी, ट्रेलर यांची कसून चौकशी होते, पंपाकडे मात्र कोणी वाकूनही बघत नाही. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना अशा जलाशयांवर बोट ठेवणाऱ्या पुणेकरांनी तरी वाकून बघावंच, कारण आपल्या बोटी आठवड्यातले सहा दिवस एकट्या असतात.

आपल्याकडे समुद्राच्या लाटेपेक्षा पाऊस जास्त छळतो. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. कॉकपिट, म्हणजे बसायची उघडी जागा, दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असेल तर झाले तीन चौरस मीटर. मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात जुलैत दिवसाला १५० मिमी पाऊस नवलाचा नाही. म्हणजे एका दिवसात ४५० लिटर, वजनात ४५० किलो. सहा-सात माणसं बोटीत बसवून घरी निघून यावं, तसं ते झालं. एवढ्या वजनाने बोट खाली बसते आणि एरवी पाण्याच्या वर असणारं एखादं भोक किंवा ढिलं फिटिंग पाण्याखाली जातं. तिथून पुढचं पाणी पावसाची वाट बघत नाही.

किती पाणी येऊ शकतं

पंप निवडण्याआधी शत्रूची ताकद माहीत हवी. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिमीचं भोक पडलं, समजा एखादा होज (पाण्याची जाड नळी) निसटला, तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येतं. म्हणजे तासाला अडीच हजार लिटर. तेच भोक ३८ मिमीचं आणि ६० सेंटिमीटर खोल असेल तर मिनिटाला १४० लिटर, तासाला आठ हजारांच्या पुढे. छोट्या बोटीवर बसणारा कोणताही विजेचा पंप या दुसऱ्या भोकाला पुरा पडणार नाही. पंप तुम्हाला भोक शोधून बुजवायला वेळ मिळवून देतो, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवा. म्हणूनच प्रत्येक स्किन फिटिंगशेजारी, म्हणजे बोटीच्या कवचातून आरपार जाणाऱ्या जोडणीशेजारी, त्याच मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवायचं. कुठलाही सुतार दहा मिनिटांत करून देईल, आणि वेळ आली तर त्याची किंमत पंपापेक्षा जास्त ठरेल.

खोक्यावरचा आकडा

बिल्ज पंपाची क्षमता अजूनही ‘जीपीएच’ म्हणजे तासाला अमेरिकन गॅलन अशीच छापतात. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. त्या हिशेबाने ५०० जीपीएच म्हणजे तासाला सुमारे १,९०० लिटर, ११०० म्हणजे ४,१६० आणि २००० म्हणजे ७,५७० लिटर.

हे आकडे खोटे नसतात, पण ते मोजताना पंपाला होज जोडलेला नसतो, पाणी वर चढवायचं नसतं आणि व्होल्टेज १३.६ असतं. तुमच्या बोटीत पाणी मीटरभर उंच चढवायचं असतं, मध्ये दोन-तीन वळणं असतात, बॅटरी १२.२ व्होल्टवर आलेली असते आणि वायर बारीक असते. या सगळ्यात निम्मी क्षमता कुठे गेली ते कळतही नाही. ‘११०० चा’ पंप बोटीत बसवल्यावर तासाला १,८०० ते २,००० लिटर देत असेल तर तो उत्तम बसवला आहे असं समजा. ७०० लिटर देणारेही दिसतात. दोष बहुधा पंपात नसून होज आणि वायरमध्ये असतो.

कोणत्या बोटीला काय

ऑप्टिमिस्ट, लेझर, एंटरप्राइझ अशा उघड्या डिंगीला विजेचा पंप लागतच नाही. तिथे दोरीने बांधलेलं बेलर (पाणी उपसायचं भांडं), मोठा स्पंज आणि काही बोटींत तळात बसवलेला सेल्फ-बेलर पुरतो. सेल्फ-बेलरची झडप बोट वेगात असतानाच पाणी ओढून काढते. वेग मंदावला की त्याच झडपेतून पाणी आत येतं, म्हणून काठाला लागण्याआधी ती बंद करायची.

पाच ते सात मीटरच्या, छोटी केबिन किंवा अर्धं डेक असलेल्या बोटीला आमची शिफारस अशी: ११०० जीपीएचच्या आसपासचा एक बुडता सेंट्रिफ्युगल पंप (फिरत्या पंखाने पाणी फेकणारा), वेगळा फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा), हाताने चालवायचा एक डायफ्राम पंप (रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा) आणि एक दणकट बादली. पाचशेचा पंप घेऊन पैसे फारसे वाचत नाहीत आणि त्याचा १९ मिमीचा होज कचऱ्याने लवकर तुंबतो. दोन हजारचा घेतला तर तो आठ अँपिअरच्या आसपास खातो, जाड वायर मागतो आणि अरुंद बिल्जमध्ये क्षणात पाणी उपसून बंद होतो. मग होजमधलं पाणी परत खाली येतं आणि पंप पुन्हा सुरू होतो. ही उघडझाप रात्रभर चालते.

बोट सात मीटरपेक्षा मोठी असेल, किंवा मांडवा, अलिबाग, मुरूडकडे समुद्रात न्यायची असेल, तर दुसरा विजेचा पंप हवा. तो पहिल्यापेक्षा ७५ ते १०० मिमी वर बसवा आणि त्याचा फ्लोट, फ्यूज, होज, आउटलेट सगळं स्वतंत्र ठेवा. त्याच्या फ्लोटला एक भोंगाही जोडून टाका. वरचा पंप सुरू झाला याचा अर्थ खालचा हरला, आणि ते तुम्हाला ऐकू आलं पाहिजे.

विजेवर चालणारा डायफ्राम पंप हा आणखी एक पर्याय. तो वर कोरड्या जागी बसतो, फक्त नळी खाली सोडायची. स्वतः पाणी ओढून घेतो, थोडा वेळ कोरडा चालला तरी जळत नाही आणि शेवटचं बोटभर पाणीही काढतो. पण वेग कमी, किंमत जास्त, आणि झडपेत काडी अडकली तरी अडतो. ज्यांचं बिल्ज ताटासारखं सपाट आहे त्यांनीच विचार करावा.

फ्लोट नसलेले ‘ऑटोमॅटिक’ पंपही मिळतात. त्यातले काही दर अडीच मिनिटांनी क्षणभर फिरून पाणी आहे का ते चाचपतात. आठवडाभर एकट्या राहणाऱ्या, छोट्या बॅटरीच्या बोटीला हे परवडत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत कूलरचे आणि फवारणी यंत्राचे १२ व्होल्टचे पंप स्वस्तात दिसतात. त्यांचा मोह टाळा. फवारणीचा पंप दाबासाठी बनवलेला असतो, मिनिटाला जेमतेम काही लिटर देतो. कूलरच्या पंपाची मोटर ठिणगीपासून बंदिस्त नसते. पेट्रोलचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगलेलं) इंजिन असलेल्या बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बिल्जमध्येच साठते, हे लक्षात घेतलं की पंपावर ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ असं छापलेलं का बघायचं ते कळेल.

बसवताना

बोट पाण्यात, माणसं नेहमीच्या जागी बसलेली, अशा स्थितीत बिल्जमध्ये दोन तांबे पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. पंपाची जागा ती. ट्रेलरवर उभ्या बोटीत खूण केली तर चुकते, कारण ट्रेलरवर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, बहुतेक वेळा उचललेली असते.

बोटीच्या तळाला थेट स्क्रू मारू नका. हे ठळक अक्षरात लिहून ठेवण्यासारखं आहे. १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा घ्या, त्याच्या सहाही बाजूंना, कडांनाही, इपॉक्सीचे तीन हात द्या, तळ खरवडून आणि ॲसिटोनने पुसून तो तुकडा इपॉक्सीनेच चिकटवा. पंपाची बैठक त्या तुकड्यावर छोट्या स्टेनलेस स्क्रूंनी बसते. स्क्रू तुकड्याच्या जाडीपेक्षा आखूड हवेत.

होज आतून गुळगुळीत हवा. बाजारात सहज मिळणारा कड्याकड्यांचा वाकडातिकडा होज स्वस्त असतो आणि छान वळतो, पण आतल्या प्रत्येक कड्याला पाणी घासतं आणि प्रवाह घटतो. ११०० च्या पंपाला २८ मिमीचा होज लागतो, तो कुठेही बारीक करायचा नाही. होज पंपापासून आउटलेटपर्यंत सतत चढता जाऊ द्या. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, त्याच्या आणि पंपाच्या मधे हवा कोंडते आणि सेंट्रिफ्युगल पंपाला ती हवा ढकलता येत नाही. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी मात्र येत नाही. नव्याने बसवलेल्या पंपांच्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त आढळते.

आउटलेट कुठे काढायचं हा शिडाच्या बोटीचा खास प्रश्न आहे. वाऱ्याने बोट कलली की एक बाजू पाण्यात जाते, आणि त्या बाजूचं आउटलेटही. पंप थांबला की सायफन सुरू होऊन तलावच आत यायला लागतो. आउटलेट मागच्या उभ्या फळीत, शक्य तितकं मध्यावर आणि उंच घ्या. बाजूला घेणं भागच असेल तर होजला डेकच्या खालीच उंच कमान द्या आणि कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा सायफन ब्रेक बसवा.

उलट येणारं पाणी अडवायला पुष्कळ जण होजमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवतात. तसं करू नका. त्यात कचरा अडकून तो एक दिवस बंद अवस्थेतच चिकटतो, शिवाय वरच्या पाण्याच्या वजनामुळे पंपाला झडप उघडता येत नाही. अडीच मीटर लांब, २८ मिमीच्या होजमध्ये दीड लिटर पाणी मावतं. ते परत आल्यावर फ्लोट उचलला जात असेल तर फ्लोट थोडा वर घ्या किंवा होज छोटा करा.

होज क्लिपा पुण्याच्या बोहरी आळीत हव्या तेवढ्या मिळतात, खिशात लोहचुंबक घेऊन जा. पट्टी स्टेनलेस असली तरी स्क्रू अनेकदा साध्या लोखंडाचा असतो आणि तोच आधी गंजतो. चुंबक स्क्रूला टपकन चिकटला तर ती क्लिप परत ठेवा. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडाला दोन क्लिपा.

वायरिंग

पंप मरतो तो पाण्याने नव्हे, सांध्याने. सांधा बिल्जमध्ये असला की तांब्यावर हिरवी पूड चढते आणि ती इन्सुलेशनच्या आतून वीतभर वर सरकते. पंपाच्या मूळ वायरी जेवढ्या लांब असतील तेवढ्या वर ओढून घ्या आणि सगळे जोड बिल्जपासून किमान ३० सेंटिमीटर उंच करा.

वायर घेताना ‘टिन्ड कॉपर’ असं स्पष्ट मागा आणि टोक सोलून बघा. तार चंदेरी दिसली पाहिजे. तांबूस असेल तर ती घरातली वायर आहे. जाडी किती? पंप ४ अँपिअर घेतो, बॅटरी पाच मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर. १ चौरस मिमीच्या वायरीत ०.७ व्होल्ट वाटेतच जातात, दीडच्या वायरीत जवळजवळ अर्धा व्होल्ट आणि अडीचच्या वायरीत ०.२८ व्होल्ट. तीन टक्क्यांच्या आत राहायचं तर अडीच चौरस मिमी हवी.

जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, कडेने गोंदाचा थेंब बाहेर येईपर्यंत गरम करा. सोल्डर केलेली तार कडक होते आणि बोटीच्या हादऱ्यांनी त्या कडेलाच तुटते.

फ्लोटची वायर मेन स्विचमधून घेऊ नका. घरी जाताना मेन स्विच बंद करण्याची सवय चांगलीच आहे, पण मग पंपही बंद. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून १७५ मिमीच्या आत फ्यूज, तिथून थेट तीन स्थितींच्या स्विचकडे: ऑटो, बंद, हाताने. ‘हाताने’ची बाजू स्प्रिंगची असावी, बोट काढलं की मागे येणारी, म्हणजे पंप विसरून कोरडा चालत राहणार नाही. फ्यूज पंपावर छापलेल्याच अँपिअरचा. ‘सारखा उडतो’ म्हणून १० चा बसवला तर पुढच्या वेळी जाळीत वेफरच्या पुड्याचा तुकडा अडकून पंख थांबेल, मोटर आतल्या आत तापेल आणि फ्यूज शांत बसेल. आगी अशाच लागतात.

बॅटरीचंही गणित एकदा करा. ४५० लिटर पावसाचं पाणी तासाला १,८०० लिटरने काढायला पाव तास लागतो, म्हणजे फक्त १ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी आठवडाभर मुसळधार पाऊस सहज झेलेल. बॅटरी संपते ती फ्लोट वरच अडकून राहिल्यामुळे: निम्मी बॅटरी चार-साडेचार तासांत, आणि उरलेली त्याच रात्री. दहा-वीस वॅटचं सोलर पॅनल कंट्रोलरसह जरूर लावा, पण जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही हे गृहीत धरूनच बॅटरी भरून ठेवा.

फ्लोट स्विच

फ्लोटचा तळ पंपाच्या तळाच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावा, खाली कधीच नको. खाली असला तर पंपाने हवा ओढायला लागल्यावरही तो बंद होत नाही. फ्लोट लांबीच्या दिशेने बसवा, बिजागरी नाळेकडे, म्हणजे बिल्जमध्ये पाणी पुढे-मागे हिंदकळलं तरी फ्लोटचा हात पिरगळत नाही. भोवती तीन बाजूंनी जाळीचं कुंपण करा. सुतळीचा एक धागा बिजागरीत गेला तरी फ्लोट अर्ध्यात राहतो.

हातपंप आणि बादली

वीज गेल्यावर उरतं ते हे. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या खेळाच्या जागतिक संघटनेच्या खोल समुद्रातल्या शर्यतींच्या सुरक्षा नियमांत दोरी बांधलेल्या, किमान ९ लिटरच्या मजबूत बादल्या मागितल्या आहेत, ते उगाच नाही. मिनिटाला आठ-नऊ बादल्या फेकल्या तर ७०-८० लिटर होतात, म्हणजे आपल्या विजेच्या पंपाच्या दुप्पट. मात्र प्लास्टिकच्या घरगुती बादलीचा कान तिसऱ्या फेकीला निघतो. रबराची किंवा बांधकामावरची जाड घमेलं-बादली घ्या, कानाला दोन मीटर दोरी बांधा.

हाताचा डायफ्राम पंप असा बसवा की सुकाणू हातातून न सोडता आणि केबिनचं दार बंद असताना मारता येईल. त्याचा दांडा दोरीने तिथेच बांधलेला हवा. नीओप्रीनचा डायफ्राम पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात चिरतो. वर्षातून एकदा तो काढून उजेडासमोर ताणून बघा. केसाएवढी भेग दिसली तरी बदला. झडपांना सिलिकॉन ग्रीस, गाडीचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

देखभाल, पावसाच्या पंचांगाप्रमाणे

दर वेळी बोटीवर पाय ठेवलात की सगळ्यात आधी फ्लोट बोटाने उचला आणि पाच सेकंद ऐका. पंपाचा नेहमीचा आवाज कानात बसला की त्यातला बदल लगेच कळतो: चिरका आवाज म्हणजे पंखात काहीतरी आहे, घुमा आणि जड म्हणजे बेअरिंग किंवा व्होल्टेज. मग बिल्जमध्ये बघा. गेल्या वेळी कोरडं केलं होतं, पाऊस नव्हता, तरी पाणी आहे? मग खरोखरच कुठेतरी पाणी मुरतंय. बिल्ज स्पंजने पूर्ण टिपून कोरडं करा, सांध्यांच्या आसपास टाल्कम पावडर भुरभुरवा आणि अर्धा तास थांबा. ओघळ पावडरीत रेघ काढतो, रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. समुद्रात असाल तर थेंब जिभेवर ठेवून बघा: गोडं असेल तर पाऊस किंवा पिण्याची टाकी, खारं असेल तर तळ.

महिन्यातून एकदा पंपाची कळ दाबून मोटरचा भाग बैठकीतून काढा. जाळीत काय निघतं ते थोडक्यात सांगायचं तर पिंपळाची देठं, सुतळी, पाण्याच्या बाटलीचं लेबल, केस. केस इंपेलरच्या, म्हणजे पंखाच्या, दांड्याभोवती अंगठीसारखे घट्ट गुंडाळले जातात. ते ब्लेडने कापून चिमट्याने काढा आणि सील चिरणार नाही याची काळजी घ्या. बसवण्याआधी रबरी रिंगला सिलिकॉनचं बोट फिरवा.

मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, मोजणी करा. बिल्ज भरा, आउटलेटखाली २० लिटरची रंगाची बादली धरा आणि घड्याळ लावा. ११०० च्या पंपाने ३५ ते ४० सेकंदांत बादली भरली पाहिजे. आकडा आणि तारीख बॅटरीच्या झाकणावर मार्करने लिहा. पुढच्या वर्षी तीच बादली ५५ सेकंद घेत असेल तर आधी पंप चालू असताना त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि पंपावर ११.३ दिसत असेल तर दोष वायरीत आहे, नवा पंप आणून काही होणार नाही.

याच सुमारास ताडपत्रीही बघा. बूम (शिडाखालची काठी) आडवी बांधून तिच्यावरून उतार देऊन ओढलेली ताडपत्री हा खरं म्हणजे पहिला बिल्ज पंप आहे. सैल ताडपत्रीत पाण्याचं डबकं होतं, शिवण उसवते आणि तीस-चाळीस लिटर एकदम आत येतं. कॉकपिटची निचऱ्याची भोकं पानांनी बुजलेली नाहीत ना, तेही पाहा.

पानशेतला उन्हाळ्यात पाणी बरंच खाली जातं. बोट गाळावर टेकून कलली तर बिल्जचं पाणी पंप नसलेल्या कोपऱ्यात जातं आणि कोरडा फ्लोट ‘सगळं ठीक’ सांगत राहतो. अशा दिवसांत बोट बाहेर काढलेलीच बरी.

बिघाड ओळखताना

मोटर फिरते, पाणी नाही: होजमधला झोळ, किंवा जाळी तुंबलेली. होज पंपापासून सोडा. पाणी उसळलं तर हवा अडकली होती.

काहीच आवाज नाही: फ्यूज, मग फ्यूज होल्डरमधला गंज, मग स्विच ‘हाताने’वर. हाताने चालतो आणि ऑटोवर नाही, तर फ्लोट गेला. दोन वायरी फ्लोटला वगळून जोडल्यावर पंप फिरला की खात्री पटते.

थांबतच नाही: फ्लोटखाली काडी, फ्लोटमध्ये पाणी शिरलेलं, किंवा सायफनने पाणी परत येतंय. पंप बंद करून आउटलेटजवळचा होज काढा. पातळी वाढायची थांबली तर सायफन.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो: पंखात अडथळा किंवा भिजलेला सांधा. मोठा फ्यूज हे उत्तर नाही, वर सांगितलंच आहे.

तेल असेल तर पंप बंद

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पुण्याच्या नळाला येतं ते बहुतांश याच धरणांचं पाणी. आउटबोर्डच्या टाकीतून सांडलेलं पेट्रोल किंवा टू-स्ट्रोक तेल बिल्जमध्ये असताना फ्लोटने पंप सुरू केला, तर ते थेट त्या पाण्यात जातं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी चकाकी दिसली की स्विच बंद स्थितीत न्या. पेट्रोलचा वास असेल तर कोणताच स्विच हलवू नका. बॅटरीकडे हात न नेता झाकणं उघडा, वारा खेळू द्या. मग तेल शोषणाऱ्या चिंध्यांनी किंवा पॅडने वरचा थर टिपा, उरलेलं पाणी बादलीने कॅनमध्ये भरून घरी न्या आणि जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या. तेलाची टाकी बिल्जच्या वाटेवर ठेवायचीच नाही, खाली एक खोल ट्रे ठेवायचा. यात हयगय करणाऱ्याला जलाशयावर बोट घालण्याचा हक्क नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घाट उतरून समुद्रावर

ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून ट्रेलर उतरला की बोटीला महिनाभर पाण्यात बसत नाहीत इतके हादरे दोन तासांत बसतात. क्लिपा सैल होतात, फ्लोटची बैठक हलते, बॅटरीचं टोक ढिलं होतं. खाली पोचल्यावर स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक क्लिपेला पाव फेरा द्या आणि फ्लोट उचलून बघा.

ट्रेलरवर असताना पिछाडीचं तळाचं बूच उघडं ठेवायचं, म्हणजे पाऊस आपोआप निघून जातो. ते बूच दोरीने गाडीच्या किल्लीला बांधा. समुद्रातून परतल्यावर बिल्जमध्ये तीन-चार बादल्या गोडं पाणी ओतून ते पंपाने बाहेर काढा, हातपंपातूनही थोडं फिरवा. मीठ वाळलं की फ्लोटची बिजागरी पकडते.

आणि बोट उतरवताना घाई नको. बूच लावा, बोट पाण्यात सरकवा, पण ट्रेलरचा पट्टा सोडू नका. फळी उचलून टॉर्चने दोन मिनिटं बिल्जमध्ये बघा. कोरडं राहिलं, तरच पट्टा सोडा.